शिकाऊ फॅमिली डॉक्टरला पेशंटचं घर, रेशन आणि रोजी बघायला कसं शिकवायचं

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्याकडे फॅमिली मेडिसिनचा एक रेसिडेंट पोस्टिंगला होता, पोरगा हुशार, ईसीजी माझ्यापेक्षा भराभर वाचायचा. बीपीच्या एका बाईच्या केसपेपरवर त्याने लिहिलं, 'औषध नियमित घेत नाही, समजावलं.' बाई बायपास रोडच्या पलीकडे बिल्डिंगच्या साइटवर विटा उचलायची. मी तिला नुसतं विचारलं की कुठली गोळी सुटते, सगळ्या का एकच? तर म्हणाली, वो पेशाबवाली. आणि मग जरा हसून, 'मैडम, साइट पे जाएँ कहाँ?' झालं. सकाळी लघवीची गोळी घ्यायची आणि दिवसभर आडोसा नाही. रेसिडेंट म्हणाला मग रात्री देऊ या, तर रात्री बस्तीतलं शौचालय गल्लीच्या पार टोकाला, तिथला बल्ब गेलेला, तीही सोय नाही. शेवटी गोळी बदलून अॅम्लोडिपिन दिली, पुढच्या दोन व्हिजिटला बीपी ठीक. समजावण्यासारखं त्यात काही नव्हतंच, समजायचं आम्हाला होतं.

त्यानंतर मी ठरवलं की पोस्टिंगला येईल त्याला हे सगळं नीट, पायरीपायरीने शिकवायचं, 'बघून बघून येईल आपोआप' असं सोडायचं नाही. आपोआप येत नाही, मला स्वतःला दहा वर्षं लागली. इंदूरमध्ये मालवा मिलच्या बाजूला माझं छोटं क्लिनिक आहे, तिथे जे जमलं आणि जे फसलं ते लिहितेय. ज्यांच्याकडे इंटर्न किंवा डीएनबीची (एमबीबीएसनंतरचं स्पेशालिस्टचं शिक्षण) मुलं येतात त्यांच्यासाठी, आणि त्या मुलांसाठीही.

यात नवीन काही नाही, एवढं आधी सांगते. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी ते सांगणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच म्हटलं होतं की आपल्याला समाजाकडे बघणारा डॉक्टर घडवायचाय. ज्युलियन ट्यूडर हार्ट हा वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करणारा फॅमिली डॉक्टर, त्याने १९७१ मध्ये मांडलं की चांगल्या उपचारांची गरज जिथे सगळ्यात जास्त तिथेच ते सगळ्यात कमी पोचतात. इंदूरमध्ये हे बघायला लांब जावं लागत नाही, पलासियाला एका चौकात किती स्पेशालिस्टांच्या पाट्या आहेत मोजा आणि मग बाणगंगेच्या आतल्या गल्लीत जाऊन मोजा. आता एमबीबीएसला कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आहे, डीएनबी फॅमिली मेडिसिनची तीन वर्षं आहेत, म्हणजे जागा आहे. फक्त तिथे हजेरी आणि फाइल भरण्यापलीकडे काही व्हायला हवं.

आधी वही, मग प्रश्न

बहुतेक लोक उलटं करतात. कुठूनतरी छापील प्रश्नावली आणतात आणि मुलाला सांगतात विचार सगळ्यांना, घरात खायला आहे का, भाडं थकलंय का. पेशंट सांगतो, हो थकलंय. पुढे काय? मुलगा मान हलवतो आणि लिहून घेतो. असं दोनदा झालं की पेशंट सांगणं बंद करतो आणि मुलगा विचारणं बंद करतो. ज्या प्रश्नाच्या उत्तराचं पुढे काहीच करता येणार नाही तो प्रश्न विचारू नका, निदान रोज तरी नको.

म्हणून पहिला आठवडा प्रश्न नाही, वही. साधी दोनशे पानी. त्यात आपल्या भागातल्या आशाताईंचे नंबर, अंगणवाडी कुठे, टीबीची औषधं कुठे मिळतात, जवळची संजीवनी क्लिनिक (वस्तीतला सरकारी दवाखाना), जन औषधीचं दुकान, रेशनचं दुकान कधी उघडतं, नगर निगमचं झोन ऑफिस, लोकसेवा केंद्र, आयुष्मान कार्ड कोण बनवून देतं, नंदानगरच्या ईएसआयसी (कामगार विम्याच्या) हॉस्पिटलात कुठल्या खिडकीवर काय लागतं, वन स्टॉप सेंटर (छळ सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र), मोफत वकील कुठे भेटतो. हे इंटरनेटवरून उतरवायचं नाही. मुलाने स्वतः जायचं किंवा फोन लावायचा, आणि प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: कोण बोललं, कुठले कागद मागतात, आणि कुठल्या तारखेला चेक केलं. तारीख नसेल तर मी ती नोंद खोडते. पोरं कुरकुरतात, आम्ही डॉक्टर आहोत का क्लार्क. कुरकुरू द्या.

थोडे नियमही पाठ हवेत, कारण पेशंट त्यातच अडकतो. आयुष्मानमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे पण ते भरती झाल्यावर, ओपीडीच्या गोळ्यांना नाही, हे अर्ध्या पेशंटांना माहीत नसतं आणि मग ते आपल्यावर चिडतात. ७० आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता हे कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. रेशन माणशी महिन्याला ५ किलो, आणि गावचं कार्ड असलं तरी शहरातल्या दुकानातून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं, झाबुआ-अलीराजपूरहून आलेल्या मजुरांना हे कोणी सांगतच नाही. बांधकाम मजुराने वर्षभरात ९० दिवस काम केलं असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल तर त्याची नोंदणी होते. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी महिन्याला १००० रुपये, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले, पण पैसे बँक खात्यात जातात आणि खातं बहुतेक वेळा गावाकडचं, बंद पडलेलं. आणि मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय (राज्य सरकारचा ओळख नंबर) पान हलत नाही, कुटुंबाचा ८ आकडी आणि माणसाचा ९ आकडी, मुलं कायम एकाच्या जागी दुसरा लिहितात.

बस्तीत जायचं ते आशाताईच्या मागे

दुसऱ्या आठवड्यात आशाताईबरोबर दोन दुपारी. एका वेळी एकच शिकाऊ, घोळका नको, पांढरा कोट नको, फोटो तर अजिबात नको. पाणी दिलं तर प्यायचं. यावर एकदा माझं एका मुलीशी वाजलंच, तिने घरून बाटली नेली होती आणि समोर ठेवलेला ग्लास तसाच राहिला. पोट बिघडेल ही तिची भीती खोटी नव्हती, पण त्या घरातल्या आजीने त्या ग्लासाकडे कसं बघितलं ते मी पाहिलंय. चहा मागून घे, उकळलेला असतो, असं मी आता आधीच सांगते.

काय बघायचं? यादी देऊ नका, एकच काम द्या: घरातली औषधाची पिशवी कुठे टांगलीय ते शोध आणि तिथून आजूबाजूला बघ. पत्र्याच्या छताखाली, चुलीच्या वर, का देवाच्या फोटोमागे. मग आपोआप दिसतं की पाणी किती ड्रमात साठवतात, कोण कुठे झोपतं, म्हाताऱ्या माणसाला शौचालयाला जायला किती पायऱ्या आहेत, धूर कुठून बाहेर जातो. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून आहे आणि स्वच्छतेत आपण वर्षानुवर्षं पहिले, पण नळ कुठल्या घरात किती वाजता येतो आणि त्या वेळेला बाई कामावर असते का, हे बक्षिसात मोजत नाहीत.

कसं विचारायचं

आता प्रश्न. चार पुरेत, आणि ते हिंदीतच, कारण पेशंट हिंदी-माळवी-निमाडी बोलणारे, आपल्या मराठी पेशंटांना मराठीत. मी हे वापरते: पिछले महीने पैसे की वजह से कोई दवा या जाँच टाली क्या? महीने के आख़िर में खाने की खींचतान होती है क्या? काम कहाँ करते हो, और इससे पहले कहाँ करते थे? घर में कौन ध्यान रखता है आपका?

शब्द बदला, पण क्रम शक्यतो हाच ठेवा. औषधाच्या पैशाचा प्रश्न डॉक्टरने विचारावा असाच आहे, त्यात कोणाला लाज वाटत नाही, तिथून जेवणाकडे जाता येतं. थेट जेवणावर गेलात तर माणूस मिटतो. आणि बीपी घेताना विचारू नका, बोललं की बीपी वर जातं, हे शिकवूनही सगळे तेच करतात कारण तीच निवांत दोन मिनिटं असतात.

तिसऱ्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मुलं गाळतात आणि खरा मुद्दा तिथेच असतो. झाबुआ, अलीराजपूर, धारकडचा तरुण माणूस, खोकला, दम, वजन उतरलेलं, दोनदा टीबीचा कोर्स झालेला, तरी बरं नाही. आता करतो वॉचमनचं काम. याआधी? गोधऱ्याला, पत्थर पीसने की फैक्टरी में. मग ते सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, असू शकतं, आणि तिसऱ्यांदा टीबीची औषधं चालू करण्याआधी थांबायला हवं, थुंकी नीट तपासायला हवी, एक्सरे जाणत्या माणसाला दाखवायला हवा. गोधरा-बालासिनोरच्या क्वार्ट्झच्या कारखान्यांतून परतलेले असे शेकडो लोक या पट्ट्यात होते, मेलेल्या २३८ जणांच्या वारसांना ३ लाख रुपये प्रत्येकी द्यायचा हुकूम सुप्रीम कोर्टाने गुजरात सरकारला २०१६ मध्ये दिला. म्हणजे 'इससे पहले' हे दोन शब्द. आमच्या भागात जुने गिरणीवाले आजोबा आहेत, त्यांनाही हाच प्रश्न, सुताच्या धुळीत तीस वर्षं काढलेल्या छातीला नुसतं 'सिगारेट सोडा' सांगून भागत नाही. इथली हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा चेक निघाला २०२३ च्या डिसेंबरात. मधली बत्तीस वर्षं त्या घरांमधून काय काय कमी झालं असेल, ते केसपेपरवर 'अनियंत्रित मधुमेह' म्हणून दिसतं.

आणि सगळ्यांना विचारायचं, गरीब दिसतो त्यालाच नाही. माझी एक जुनी पेशंट आहे, रामबागेकडच्या आपल्याच मराठी घरातली, साडीची घडी कधी मोडलेली नाही, येताना माझ्यासाठी डब्यात चिरोटे आणणार. शुगर एकदम खाली जाऊन दोनदा चक्कर आली. माझ्या रेसिडेंटने सगळ्यांना विचारायच्या सवयीने तिलाही विचारलं, मी कधीच विचारलं नसतं. काकू म्हणाल्या, अगं रात्रीचं काय जेवायचं एकटीने, एक कट चहा आणि दोन टोस्ट. खोदल्यावर कळलं की पेन्शन मुलाच्या कर्जाच्या हप्त्यात जाते आणि गॅस पुरवून वापरायचा असतो. शुगरची गोळी मात्र दोन्ही वेळा, अगदी वेळेवर घेत होत्या, डॉक्टरने सांगितलंय म्हणून. मी लाजले खरंच.

मारहाणीचा प्रश्न मात्र वेगळा, तो या चारांत टाकू नका. बाई एकटी असेल तरच, दार लावून. नवरा किंवा सासू बरोबर असेल तर 'वजन करायला आत या' म्हणून आमची सिस्टर नेते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि वन स्टॉप सेंटर तोंडी सांगायचं, घरी जाणाऱ्या कागदावर काही लिहायचं नाही, ती म्हणेल तितकंच करायचं. हे नवीन मुलाने एकट्याने पहिल्या महिन्यात करू नये असं माझं मत आहे.

अजून एक, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये बघितलं नाही मी. खुर्चीवर कोण बसतं ते बघा. आदिवासी मजूर आला की तो उभा राहतो आणि आपण बसायला सांगायचं विसरतो, सूट घातलेला आला की स्टूल आपोआप पुढे होतं. 'तू' आणि 'आप' तसंच. माझा नियम आहे, क्लिनिकमध्ये सगळे 'आप', शिपायापासून पेशंटच्या दहा वर्षांच्या पोरापर्यंत. एका रेसिडेंटला मी एक दिवस फक्त कोपऱ्यात बसवून मोजायला लावलं, मी कोणाला किती वेळ दिला. निकाल माझ्याच अंगावर आला, ज्यांना भाषा नीट येत नाही त्यांना कमी वेळ, म्हणजे ज्यांना जास्त लागतो त्यांनाच कमी.

प्रिस्क्रिप्शन त्या घरात चालेल असं

हे शिकवायला मजा येते कारण इथे डॉक्टरकीच आहे सगळी. मुलाला सांगायचं, लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन घेऊन पेशंटचा एक दिवस चाल, सकाळी उठल्यापासून. तीन वेळची गोळी आहे आणि दुपारी तो भट्टीवर आहे, दुपारची गोळी गेली. एक वेळची मिळते का बघ. जेनेरिक नाव लिही. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेतात सगळे, ती सवय सोडव. तपासण्या एकाच फेरीत जमव, कारण प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवसाची रोजी आणि रिक्षाभाडं. पुढची तारीख पगाराच्या नंतरची दे, आधीची नको. डाएटच्या कागदावर ओट्स आणि सॅलड लिहिणाऱ्याला मी सरळ सकाळच्या ठेल्यावर पाठवते, पोहे किती, शेव किती, जिलेबी किती ते बघून ये आणि मग सांग यातलं काय काढायचं. पोहे राहू देत, शेव अर्धी, जिलेबी रविवारी, असं सांगितलं तर लोक ऐकतात.

इन्सुलिनचं जरा सविस्तर सांगते. फ्रीज नाही, मे महिन्यात इंदूर चाळिशीच्या वर. न उघडलेली शीशी २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते, वापरात असलेली साधारण महिनाभर बाहेर चालते पण ती ३० डिग्रीच्या आत. मग काय करायचं तर माठ. मोठ्या माठात किंवा कुंड्यात ओली वाळू, त्यात छोटा माठ, त्याच्या आत कोरड्या झाकणबंद डब्यात शीशी, वर ओलं फडकं, सावलीत, वारा लागेल अशा जागी. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची. फ्रीजसारखं थंड होत नाही, पण पत्र्याखालच्या खोलीपेक्षा खूपच बरं. साठा करायचा नाही, एका वेळी एकच शीशी, बाकीची केमिस्टकडे ठेवू द्यायची, आमच्या केमिस्टभाऊंनी कधी नाही म्हटलेलं नाही. रेसिडेंटने हा माठ एकदा स्वतः रचून आत थर्मामीटर ठेवून दोन दिवस वाचावा, त्याशिवाय तो दुसऱ्याला पटवू शकत नाही.

जाता जाता एक, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या भागातल्या आदिवासी पेशंटांत आहे, आणि सिकलसेल असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) फसवू शकतं. शुगरचा रिपोर्ट आणि पेशंटचं बोलणं जुळत नसेल तर हे डोक्यात असू दे.

एक कागद शेवटपर्यंत

पोस्टिंगमध्ये प्रत्येकाने एका पेशंटचं एक काम शेवटपर्यंत न्यायचं, स्वतः बरोबर जाऊन. आयुष्मान कार्ड, रेशनमध्ये नाव, टीबीचं खातं, काहीही. माझ्या मते अख्ख्या पोस्टिंगचा अर्क हाच. एक मुलगा एका मिस्त्रीबरोबर रेशनच्या केवायसीला गेला. अंगठा लागेना. सिमेंटमध्ये काम करून रेषाच घासल्या होत्या. दहा बोटं झाली, मग उद्या या. उद्या सर्व्हर बंद. परवा कळलं की आधारमध्ये आडनाव आहे आणि समग्रमध्ये नाही. चौथ्या फेरीला डोळ्याच्या स्कॅनने काम झालं. चार दिवसांची मजुरी बुडाली, आणि त्या मुलाने संध्याकाळी येऊन मला विचारलं की मॅडम, मी याला दर पंधरा दिवसांनी बोलवत होतो नुसतं बीपी बघायला? मी उत्तर दिलं नाही, त्याने स्वतःच दोन महिन्यांवर केलं आणि मध्ये आशाताईला बीपी बघायला सांगितलं.

एक धोका इथेच आहे. काही मुलं यात वाहून जातात, खिशातून पैसे देतात, रात्री पेशंटचे फोन घेतात आणि दोन महिन्यांत थकून सगळं सोडतात. खिशातून कोणी द्यायचं नाही. आमच्याकडे एक डबा आहे, ज्याला द्यायचे तो त्यात टाकतो, कोणाला किती ते मी आणि सिस्टर ठरवतो. आणि ज्याचं काम झालं नाही त्याला 'झालं नाही' असं तोंडावर सांगायचं, टाळायचं नाही.

लिहायचं कुठे आणि मार्क कसे द्यायचे

आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक कोड-यादीत झेड५५ ते झेड६५ हे कोड याचसाठी आहेत, झेड५९ घर आणि पैशाची अडचण, झेड५६ कामाची. रेसिडेंटला परीक्षेपुरते माहीत असू देत. क्लिनिकमध्ये मी निदानाच्या खाली एक ओळ लिहायला लावते, 'दुपारची गोळी शक्य नाही, साइटवर काम', बस. पेशंटला विचारून. 'गरीब', 'अडाणी', 'ऐकत नाही' हे शब्द पेपरवर दिसले की परत लिहायचं.

महिन्याच्या शेवटी शुगरच्या पेशंटांचे वीस पेपर काढायचे आणि दोन ढीग करायचे, रोजंदारीवाले आणि बाकीचे. कोणाचे पाय तपासले, कोणाचे डोळे दाखवून झाले, कोण सहा महिने आलंच नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा पाय तपासलेले सगळे एकाच ढिगात होते, कारण दुसऱ्यांना बूट काढायला सांगायलाच आम्हाला वेळ नव्हता. आता बूट-चपला सगळ्यांच्या बाहेरच काढायला लावते, देवळासारखं, प्रश्नच मिटला.

मार्क देताना 'संवेदनशीलता चांगली' वगैरे लिहू नका, त्याचा अर्थ कोणालाच कळत नाही. मी बघते वहीत किती नोंदी ताज्या केल्या, कुठलं प्रिस्क्रिप्शन बदललं आणि का, एक कागद कुठवर नेला. आणि आशाताईला विचारते, हा पोरगा परत पाठवू का तुमच्याकडे? ती जे म्हणेल ते अर्धे मार्क.

शेवटच्या दिवशी वही पुढच्या रेसिडेंटच्या हातात, दोघं माझ्यासमोर बसून, आणि ज्यांची कामं अर्धवट आहेत त्या पेशंटांना फोन करून सांगायचं की आता अमुक डॉक्टर बघेल. हे राहिलं की पेशंट दोन महिने जुन्याच नंबरवर फोन लावत बसतात. मागच्या वेळी वही देताना निघालं की रेशनवाल्याने दुकान पलीकडच्या गल्लीत हलवलंय, ते खोडून नवीन पत्ता आणि तारीख घातली.